‘मले चित्र येत नाई’ म्हणणाऱ्यांची कार्यशाळा कशी घ्यावी

जळगाव-भुसावळच्या कुठल्याही कार्यालयात कागद आणि रंग घेऊन गेलात की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “मॅडम, मले चित्र येत नाई.” धुळ्याकडे गेलं की तेच अहिराणीत: “माले चित्र काढता येत नही.” ऐकणाऱ्याला तो विनय वाटतो, पण तसा तो नसतो. त्यामागे आठवीतली एलिमेंटरीची परीक्षा असते, ‘क’ श्रेणी असते, आणि स्थिरचित्रातल्या मडक्याची एक बाजू फुगली म्हणून वर्गासमोर कागद उंच धरणारे सर असतात. मी सतरा वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्या सरांच्या जागी मीही कधीतरी उभी असेन.

आता बँका, पतसंस्था, एमआयडीसीतली कार्यालयं, शिक्षकांचे गट अशा ठिकाणी मी मनाच्या स्वास्थ्यासाठी कला-कार्यशाळा घेते. कलाशिक्षक विचारतात, एचआरला नव्याने लागलेल्या मुली विचारतात, की आम्हालाही हे करायचंय, सुरुवात कुठून करू? हा लेख त्यांच्यासाठी.

पहिली पायरी: नाव जपून ठेवा

पत्रकावर ‘कलोपचार’ लिहू नका. एड्रियन हिल हे ब्रिटिश चित्रकार क्षयरोगाच्या सॅनेटोरियममध्ये असताना चित्रं काढता काढता सावरले आणि १९४२च्या सुमारास त्यांनी इंग्रजीत ‘आर्ट थेरपी’ हा शब्द वापरात आणला. पुढे त्याचं रीतसर शास्त्र झालं, प्रशिक्षण आलं. ते प्रशिक्षण तुमच्याकडे नसेल तर तुम्ही घेता ती कार्यशाळा. त्यात कमीपणा काही नाही, पण मर्यादा आहे, आणि ती पुढे एका ठिकाणी फार उपयोगी पडते.

एवढ्याने उपयोग होतो का, हे कुणीतरी विचारणारच. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेन, चिकटकाम यांपैकी हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. ताण वाढला की वाढणारं हे संप्रेरक सुमारे पाऊणशे टक्के लोकांत खाली आलं होतं. २०१६ साली छापलेला हा अभ्यास लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, त्यामुळे डोक्यावर घेऊन नाचू नका. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: चित्रकलेचा अनुभव असलेले आणि नसलेले यांच्यात फरक आढळला नाही. म्हणजे ‘क’ श्रेणीवाल्याचाही ताण उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरच्या ३,०००हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला होता. साहेबांना आकडे हवे असतील तर हा सांगा.

दुसरी पायरी: साहेबांशी बोलणी

कार्यशाळेचं निम्मं काम इथेच होतं. बिघडतं तेही इथेच.

माझी पहिली कार्यशाळा एका कार्यालयात होती. नाव सांगत नाही. साहेब म्हणाले, “स्पर्धा ठेवू, जरा उत्साह येतो.” मी ठेवली. परीक्षक मीच, पण चहाच्या वेळी साहेबांचं चित्र मुद्दाम माझ्यासमोर आणून ठेवलं गेलं. पहिला नंबर कुणाचा आला असेल ते सांगायला नको. पुढच्या महिन्यात तिथल्या बावीस जणांपैकी चार आले. त्यातला एक शिपाई होता आणि त्याला खुर्च्या लावायच्या होत्या.

तेव्हापासून रंगाची डबी उघडायच्या आधी मी काही गोष्टी मान्य करून घेते. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, प्रदर्शन नाही. ज्याला यायचं नाही त्याची हजेरी मांडायची नाही. साहेब आले तर सगळ्यांसारखे खाली बसून स्वतःचं चित्र काढणार, मागे हात बांधून फेऱ्या मारणार नाहीत. आणि फोटो काढायचेच असतील तर हातांचे आणि रंगांचे, चित्रांचे नाहीत.

शेवटच्या अटीवर सगळ्यात जास्त हुज्जत होते. ‘ग्रुपवर टाकायला काहीतरी पाहिजे ना मॅडम.’ पण आपलं गाव लहान आहे हे विसरू नका. पुण्या-मुंबईत ऑफिसातली गोष्ट लोकलमध्ये हरवते. इथे क्लार्कची मावसबहीण मॅनेजरच्या शेजारी राहते. एखाद्याने काळ्या रंगाने भरलेला कागद संध्याकाळी व्हॉट्सॲपवर गेला की रात्री जेवताना घरी विचारणा होते, “काय हो, तुमचं बरं चाललंय ना?” तो माणूस पुन्हा कधी काळा रंग उचलत नाही. पुढच्या वेळी डोंगर, उगवता सूर्य आणि नारळाचं झाड काढून मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट बोलणीतच स्पष्ट करा. कामाच्या ताणाने माणूस पार थकून जातो, त्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये त्याची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित प्रश्न म्हणून केली: कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्याचा तो परिणाम. याचा साधा अर्थ असा की दोन माणसांचं काम एकाकडून करून घ्यायचं आणि महिन्यातून एकदा त्याला रंग द्यायचे, याने काही व्हायचं नाही. मी हे साहेबांना तोंडावर सांगते. दोन ठिकाणचं काम त्यामुळे गेलं. जाऊ दे.

तिसरी पायरी: वेळ आणि जागा

बँकेत मार्चमध्ये जाऊ नका. जिनिंगच्या कार्यालयात दिवाळीनंतर कपाशी यायला लागली की फिरकू नका. शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी लागलेली असेल तर ते कागदावर मतदानकेंद्रच काढतील. एप्रिल-मेमधली दुपार तर पूर्ण वगळा. जळगावचा पारा ४५च्या घरात असतो, जलरंग कुंचल्यावरच वाळतो, माती हातात तडकते, आणि पंखा पूर्ण वेगात सोडला की रांगोळी पुढच्या टेबलावर. सकाळी साडेआठ ते साडेदहा ही वेळ मला सगळ्यात मानवली. हिवाळ्यात एक पथ्य जास्तीचं: कार्यशाळा आणि भरीत पार्टी एका दिवशी ठेवायची असेल तर भरीत नंतर. आधी ठेवून पाहिलंय. बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्लेल्या माणसाला ध्यानाची गरज राहत नाही, ते आधीच लागलेलं असतं.

बारा ते सोळा माणसं पुरेत. वीसच्या पुढे गट गेला की तुम्ही शिक्षक होता आणि ते विद्यार्थी. जागा मीटिंग हॉलची नको, कारण तिथे साहेबांची खुर्ची ठरलेली असते आणि ती रिकामी असली तरी सगळे तिच्याकडे तोंड करून बसतात. गच्ची, कॅन्टीन, स्टोअरची रिकामी खोली चालेल. खाली चटया टाका. चटयांचा कारखाना ज्या गावात दर वळणावर आहे तिथे त्यांची वानवा पडू नये. गुडघे दुखणाऱ्यांसाठी चार खुर्च्या आणि एक टेबल बाजूला असू द्या, आणि आधी तुम्हीच एकदा खुर्चीत बसा, म्हणजे वयस्कर नानांना तिकडे जाताना संकोच वाटणार नाही.

चौथी पायरी: सामान

महाग कागद आणू नका. भारी कागद समोर आला की माणूस बिचकतो, ‘वाया जाईल’ म्हणतो. सरावासाठी कोरा न्यूजप्रिंट भरपूर, आणि मुख्य कामासाठी साधा कार्ट्रिज (चित्रकलेचा जाडसर) कागद. तेलखडूच्या १२ रंगांच्या डब्या दोघांत एक. मागायला हात पुढे करावा लागतो आणि बोलणं आपोआप सुरू होतं. पोस्टर रंग लाल, पिवळा, निळा, काळा, पांढरा एवढेच. बाकीचे त्यांना बनवू द्या. पेन्सिल आणि खोडरबर मात्र घरी ठेवून या. खोडरबर दिसलं की शाळा परत येते.

शाडू माती गणपतीच्या आधी कुठेही मिळते, तेव्हाच वर्षाची घेऊन ठेवा. आदल्या रात्री भिजवून, मळून, ओल्या गोणपाटात गुंडाळायची.

आणि आपल्या भागातलं सगळ्यात सुंदर, फुकटचं साधन म्हणजे केळीचं खोड. रावेर-यावलकडे घड कापला की खोड शेतातच पडतं. त्याचा आडवा काप घेतला की आत चंद्रकोरीसारखे कप्पे दिसतात, प्रत्येकात बारीक जाळी. स्पंजावर रंग घेऊन त्यावर तो काप दाबायचा आणि कागदावर उठवायचा. साडीच्या काठासारखा ठसा येतो आणि ज्याला सरळ रेघ मारता येत नाही त्याचंही सुंदर येतं. फक्त काप आदल्या संध्याकाळी करून फडक्याने पुसून घ्या. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावर पडला की कपडा गेला, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, पण शाखेत नागपूरहून बदलून आलेल्याला सांगावं लागतं. जुना शर्ट घालून यायला आधीच कळवा.

डाळी-कडधान्यांची चिकटचित्रं मी बंद केली. एका ताईंनी शांतपणे विचारलं होतं, “मॅडम, हे नंतर शिजवायचं का?” डिंकात बुडालेली तूरडाळ पाहून मला उत्तर सुचलं नाही. डाळमिलच्या गावात हे शोभत नाही.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष दोन तास

पहिली पंधरा मिनिटं ओळख-परेड घालू नका, सगळे एकमेकांना रोज पाहतातच. न्यूजप्रिंट द्या, एक तेलखडू द्या, आणि सांगा: डोळे मिटा, खडू कागदावर टेका, मी थांबा म्हणेपर्यंत उचलायचा नाही. दोन मिनिटं. मग तेच उलट्या हाताने. उजव्या हाताने लिहिणारा डाव्याने काढायला लागला की सगळे एकाच पातळीवर येतात, साहेबसुद्धा. हसू फुटतं. तो कागद चुरगाळून मध्ये टाकायला सांगा. पहिला कागद फेकून दिला की दुसऱ्याची भीती अर्धी होते.

त्यानंतर एकच मुख्य काम घ्या. नवीन माणूस हमखास तीन-चार गोष्टी कोंबतो आणि शेवटी सगळे घड्याळाकडे बघतात. पहिल्या वेळेसाठी मी ‘दिवसाची पट्टी’ सुचवीन, म्हणून ती सविस्तर सांगते.

१५ बाय २२ इंचाच्या कागदातून ३ इंच रुंद आणि २२ इंच लांब अशा पाच पट्ट्या निघतात. पंधरा माणसांना तीन कागद झाले. पट्टी मधोमध दुमडायची, पुन्हा दुमडायची, अशी चार वेळा. उघडली की सोळा खाने. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत सोळा तास होतात, एका तासाला एक खाना. दीपनगरच्या वीजकेंद्रात किंवा रेल्वेत रात्रपाळी करणाऱ्याने आपला दिवस हवा तिथून सुरू करावा. कालचा दिवस आठवायचा आणि प्रत्येक खान्यात त्या तासाचा रंग भरायचा. वस्तू काढायच्या नाहीत, नुसता रंग, हवं तर रेघा, ठिपके, ओरखडे. एखादा खाना कोरा ठेवला तरी चालेल. यासाठी चाळीस मिनिटं द्या आणि तुम्हीही स्वतःची पट्टी रंगवा. मोबाईल बघत बसलात तर ते तुम्हाला माफ करणार नाहीत.

इथे तुमची खरी परीक्षा असते, आणि ती गप्प बसण्याची असते. लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख असलं काहीही सांगू नका. नंदुरबारच्या माणसाला लाल रंग दिसला की पथारीवर वाळत घातलेली मिरची आठवते, ती त्याची कमाई असते. एका पतसंस्थेत कॅशवर बसणाऱ्या ताईंनी तीन ते पाचचे दोन खाने खडू मोडेपर्यंत काळे केले होते. माझ्या ओठांवर प्रश्न आला होता, गिळला. शेवटी त्या आपणहून म्हणाल्या, “हा माझा सगळ्यात चांगला टाइम. शटर खाली, लाइट बंद, कोणी पैसे मोजायला लावत नाही.” मी काय समजून बसले होते आणि काय निघालं. तेव्हापासून ‘हे काय काढलंय?’ हा प्रश्न मी सोडला. ‘छान’ हा शब्दही सोडला, कारण एकाला छान म्हटलं की शेजारचा आपला कागद झाकतो.

मग बोलायचं तरी काय? गोल बसा आणि ज्याला वाटेल त्याने आपल्या पट्टीतला एकच खाना दाखवावा, एवढंच सांगा. ‘पुढे’ म्हणायची मुभा प्रत्येकाला. दोन-तीन जण बोलले की बाकीचे बोलतात, नाही बोलले तर केळीच्या ठशांकडे वळा. जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्या गायच्या, त्या ओव्यांना कुणी दाद द्यावी म्हणून गात नव्हत्या. दळण सरायचं आणि मनही हलकं व्हायचं.

पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की मात्र कधी कधी एक गोष्ट आपोआप दिसते. एकाच विभागातल्या सहा जणांचे पाच ते सातचे खाने सारखेच गढूळ असतात. मग कुणीतरी म्हणतं, “हां, तेव्हाच तर गाड्या येतात आणि बिलं पण तेव्हाच मागतात.” ही माहिती व्यवस्थापनाला द्यायची का, हे गट ठरवतो. द्यायची ठरली तर त्यांच्याच शब्दांत, नावांशिवाय, एका कागदावर. एका ठिकाणी त्यावरून बिलांची वेळ खरंच बदलली. दुसरीकडे साहेब म्हणाले “बघू”, आणि ते अजून बघतायत.

कुणी रडलं तर

रडेल. आधीच गृहीत धरा. पाणी द्या, बाहेर जायचंय का विचारा, सोबत एक विश्वासातलं माणूस पाठवा आणि बाकीच्यांचं काम चालू ठेवा. ‘सगळं ठीक होईल’ म्हणू नका, चित्राचा अर्थ लावू नका, सगळ्यांसमोर पाठीवरून हात फिरवू नका. पहिल्या पायरीवरची ती मर्यादा इथे कामी येते: ऐकून घेणं तुमचं काम, उपचार तुमचं नाही.

म्हणून घरून निघण्यापूर्वी तीन गोष्टी वहीत लिहिलेल्या असाव्यात. टेलि-मानसचा क्रमांक १४४१६: ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची मोफत सेवा, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. दुसरी, जवळच्या शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीची वेळ. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिसरी, गावातल्या एका समुपदेशकाचा नंबर, त्यांच्याशी आधी बोलून ठेवलेला. कुणी मरणाची भाषा केली, अगदी हसत हसत केली तरी, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. घरच्या माणसाला किंवा त्याला जवळच्या वाटणाऱ्या सहकाऱ्याला बोलवा, आणि ते येईपर्यंत तिथेच बसा. गुप्ततेचा नियम इथे बाजूला ठेवायचा असतो, आणि हे सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलेलं असावं.

नंतरचं थोडं

एका कार्यशाळेने फार काही होत नाही. दर पंधरा दिवसांनी एक अशा चार तरी मागा. दुसऱ्या वेळी माती, तिसऱ्या वेळी सगळ्यांची मिळून एक लांब तापी: कागदाचा रोल पसरायचा, एकाने नदी जिथे सोडली तिथून दुसऱ्याने पुढे न्यायची. चौथ्या वेळी काही करायचंच नाही, नुसतं पाहायला जायचं. सहल काढायचीच असेल तर रिसॉर्टऐवजी चाळीसगावचं छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे, अजिंठा आहे (सोमवारी बंद). एका भित्तिचित्रासमोर पंधरा मिनिटं न बोलता उभं राहायला सांगा. पहिली पाच जड जातात.

फरक मोजायचा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची पाच वाक्यांची एक छोटी प्रश्नावली आहे, ‘डब्ल्यूएचओ-५’ नावाची. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक वाक्याला ० ते ५ गुण, बेरजेला चारने गुणलं की शंभरपैकी आकडा. पहिल्या आणि शेवटच्या बैठकीला बिननावाने भरून घ्या. पंधरा माणसांच्या आकड्यांवरून मोठे दावे करू नका, आणि कुणाचा कागद कोणता हे ओळखायचा प्रयत्न तर मुळीच करू नका.

पैशांचं म्हणाल तर सामानाचा खर्च वेगळा लावा आणि मानधन वेगळं. पहिली फुकट करून देऊ नका. फुकटची कार्यशाळा ऐन वेळी ऑडिट आलं की सगळ्यात आधी रद्द होते.

शेवटी आवरताना प्रत्येकाची पट्टी त्याच्या हातात द्या. काही जण मुद्दाम विसरून जातात. त्या मी लिफाफ्यात घालून महिनाभर ठेवते, फोन आला तर देते, नाही आला तर फाडून टाकते. मागची बाजू कोरी असली तरी तो कागद पुन्हा वापरत नाही.